नळ, वायसर आणि मिस्त्रीकाका : भांडुपच्या एका नववीच्या वर्गाचं प्रकरण

गेल्या वर्षी जून ते डिसेंबर आम्ही शाळेतल्या नववीच्या ४४ पोरापोरींना घेऊन शाळेमागच्या चाळीत नळदुरुस्तीचा प्रकल्प केला, त्याची ही पूर्ण हकीकत. सुरुवातीला जे ठरवलं होतं ते तिसऱ्या शनिवारी मोडलं आणि त्यानंतर जे उभं राहिलं ते आमच्या कागदावर कुठेच नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. बऱ्याच शाळा आता असलं काहीतरी करायला निघाल्यात, त्यांच्या शिक्षकांना उपयोगी पडेल. नावं कुणाचीच देत नाही, मुलं लहान आहेत आणि चाळीतल्या लोकांनी आम्हाला मोरीपर्यंत आत घेतलं ते विश्वासावर.

भांडुप पश्चिमेला स्टेशनवरून वर चढत गेलं की डोंगराच्या अंगाने वस्ती सुरू होते. आमची शाळा त्या चढावर आणि शाळेच्या मागे ही चाळ, दोन रांगा, ६२ खोल्या, टोकाला सामाईक संडास. मुंबईला पाणी देणारे सात तलाव आमच्या पोरांना तोंडपाठ असतात, तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा, कारण जुलै लागला की रोज पेपरात कुठला किती भरला ते येतं. त्या पाण्यातलं बरंचसं शुद्ध होतं ते इथेच, आमच्या भांडुप संकुलात. आणि चाळीत पाणी येतं पहाटे साडेचार ते साडेसहा, दोन तास, वरच्या रांगेला तर शेवटी शेवटी करंगळीएवढी धार. वर्गातली निम्मी मुलं शाळेत येण्याआधी पाणी भरून आलेली असतात.

या मुलांकडून आम्ही दरवर्षी काय करून घेत होतो तर ‘पाणी वाचवा’ची पोस्टर्स आणि एक प्रभातफेरी. पहाटे साडेचारला उठून हंडे लावणाऱ्या मुलीला मी कार्डशीटवर थेंब रंगवायला लावत होते. एकदा एका मुलीने विचारलं, बाई हे पोस्टर लावायचं कुठे, आमच्याकडे तर सगळे वाचवतातच. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं म्हणजे प्रकल्प तिथेच सुरू झाला.

वेळापत्रकात जागा होती. नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहेच, त्यात प्रकल्प करायचे असतात, आणि शनिवारी कार्यानुभवाच्या जोडून दोन तासिका मिळत होत्या. कार्यानुभव हा शब्द काही नवा नाही, कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) अहवालात त्याच्यावर भरपूर लिहिलंय, त्याच्याही आधी १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा हाताच्या कामातूनच शिक्षण व्हावं हाच तर मुद्दा होता. आणि आता २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं की सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना आणि स्थानिक कारागिरांकडे, सुतार, माळी, कुंभार अशांकडे मुलांनी शिकावं. म्हणजे कागदावर हे सगळं आपल्याकडे कधीचंच आहे. धोरणातलं ‘स्थानिक कारागीर’ हे मी वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं, आणि तरी प्रकल्प आखताना आमच्याच गल्लीतल्या कारागिराचा विचार माझ्या मनात आला नाही. पुढचं सगळं त्यावरच आहे.

आखणी अशी होती. पहिले दोन शनिवार शाळेत, माझा भाऊ हाताने बऱ्यापैकी काम करणारा आहे, त्याने येऊन मुलांना जुना पितळी नळ खोलून दाखवला, वायसर, म्हणजे नळाच्या आत पाणी अडवणारी रबरी चकती, कसा बदलायचा, टेफ्लॉन टेप कशी गुंडाळायची. मग चाळीत पाहणी, कुठले नळ गळतात त्याची यादी, आणि मग पाच-पाचच्या गटाने जाऊन दुरुस्ती. फुकट. चाळ कमिटीच्या अध्यक्षांना भेटले, पालकांची संमतीपत्रं घेतली, मुख्याध्यापक सरांनी पाने-पकडी घ्यायला पैसे मंजूर केले. सगळ्यांना विचारलं. चाळीतल्या बायकांना मात्र एवढंच विचारलं की नळ गळतो का. तुम्हाला काय हवंय असं विचारलं नाही, आणि ही दुसरी चूक, ती पुढे येईल.

पाहणी चांगली झाली. ६२ पैकी २३ घरांत नळ गळत होता. मुलांनी प्रत्येक नळाखाली दहा मिनिटं मापाचं भांडं ठेवलं आणि आलेल्या आकड्याला १४४ ने गुणलं, कारण दिवसात दहा मिनिटं १४४ वेळा येतात. एका नळाचे दहा मिनिटांत ३०० मिली म्हणजे दिवसाला ४३ लिटर. सगळे मिळून साधारण ९०० लिटर. फळ्यावर तो आकडा लिहिला तेव्हा वर्ग शांत झाला होता, मलाही भारी वाटलं होतं, आणि तो आकडा चुकीचा होता.

चूक आम्हाला दाखवली वरच्या रांगेतल्या एका काकूंनी. पोरं त्यांना सांगायला गेली, काकू तुमच्या नळातून रोज चाळीस लिटर वाया जातं. त्या म्हणाल्या, अरे बाळा, नळाला पाणीच दोन तास येतं, चाळीस लिटर जाईल कुठून? बरोबर. थेट लाइनवरचा नळ दोन तास गळणार, म्हणजे गुणायचं बाराने, ३.६ लिटर. ज्यांच्या माळ्यावर टाकी आहे त्यांचाच नळ दिवसभर गळतो आणि अशी घरं २३ मधली फक्त ९. परत हिशोब केला तर एकूण ४०० च्या आत आला. मुलं हिरमुसली पण मी म्हणेन त्या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं गणित ते होतं. घरी स्वतः दोन तास पाणी भरणाऱ्या मुलांनीही वर्गात बसल्यावर चोवीस तासांनी गुणलं, कारण पुस्तकातला नळ चोवीस तास वाहतो. हे मला अजून टोचतं.

आता तिसरा शनिवार. दुरुस्तीचा पहिला दिवस, जुलैचा, बाहेर धो धो पाऊस. पहिली दोन घरं छान झाली. तिसरं घर एका आजींचं, एकट्याच राहतात, माळ्यावर दोनशे लिटरची टाकी, तिथून जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप भिंतीतून मोरीत उतरलेला. नळाच्या आट्या गेल्या होत्या म्हणून तो अख्खा काढायचा ठरला. मुलगा पाइप पान्याने फिरवतोय, फिरत नाही, त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, लाव जरा जोर. भिंतीच्या आत निप्पल, म्हणजे पाइप आणि नळ जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा, कुजलेलं होतं. नळ हातात आला, निप्पलचा तुकडा आत, आणि टाकीतलं पाणी सरळ मोरीत आणि मोरीतून खोलीत. टाकीखालचा वॉल्व वर्षानुवर्षं कुणी फिरवलाच नव्हता, तो जाम. पोरांनी हाताने, फडक्याने, काय मिळेल त्याने दाबून धरलं पण दोनशे लिटर पाणी थांबतं थोडंच. आजींची गादी भिजली, डाळ-तांदळाचे डबे खाली होते ते उचलले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढचं पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला. पाणी वाचवायला गेलो आणि एका म्हाताऱ्या बाईचं अख्ख्या दिवसाचं पाणी घालवून बसलो.

शेजारच्या घरांतून एकेक कळशी आली, कुणी काही बोललं नाही. आजीसुद्धा नाही, उलट ज्या पोराच्या हातून झालं त्यालाच जवळ घेऊन बसल्या.

दोन गल्ल्या खाली एक प्लंबर राहतात, चाळीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. त्यांना बोलावलं, ते हातातलं काम टाकून आले. आधी लाकडाची खुंटी ठोकून पाणी बंद केलं, मग छिन्नीने थोडी भिंत फोडून तुकडा काढला, नवं निप्पल, एल्बो, नळ, वॉल्व पण बदलला. साडेतीन तास. साडेनऊशे रुपये झाले, ते मी दिले. पोरं तोवर दारात उभी राहून बघत होती, एकही घरी गेलं नाही. हत्यारं गोळा करता करता ते मला म्हणाले,

“बाई, एक बोलू का, राग मानू नका. वायसर बदलायचे मी दीडशे घेतो. ह्या वस्तीत महिन्याला माझी दहा-बारा कामं तीच असतात. तुम्ही पोरं आणून फुकट करणार, आणि मोडलं की मला बोलावणार. मग मी खाऊ काय?”

मी घरी जाऊन त्यावर खूप विचार केला. आम्ही ज्याला सेवा म्हणत होतो तिची किंमत कुणीतरी भरतच होतं, फक्त ते आमच्या वहीत लिहिलेलं नव्हतं. सेवा म्हटली की आपल्या डोळ्यासमोर देणारा आणि घेणारा असे दोघेच येतात. मधे ज्याचं त्याच कामावर घर चालतं तो तिसरा माणूस दिसत नाही. या माणसाची मुलगी आमच्याच शाळेत सातवीत आहे, हे मला नंतर कळलं.

पुढचे दोन शनिवार काम बंद ठेवलं. सरांनी विचारलं, थांबवायचं का, आणि तो प्रश्न योग्यच होता. मी मुलांना विचारलं. एक मुलगी म्हणाली, बाई, आपण काकांनाच शिकवायला बोलावलं तर? आपल्याला येत नाही हे त्यांनी बघितलंच आहे. त्यावर वर्ग हसला पण मला ते पटलं.

मी त्यांच्या घरी गेले. आधी नाही म्हणाले, मी सातवी नापास, मी काय शिकवणार. मी म्हटलं तुम्ही शनिवारी सकाळचे दोन तास द्या, त्याचे पाचशे रुपये, शाल-नारळ नाही, पैसे. ते पालक-शिक्षक संघाच्या निधीतून मिळाले, त्यासाठी दोन मीटिंगा घ्याव्या लागल्या. पैशाचा आग्रह मी मुद्दाम धरला कारण शिक्षकाला पगार आणि कारागिराला सत्कार असं केलं तर मुलं त्यातून काय शिकायचं ते शिकतातच.

नंतर शोधत गेले तेव्हा लक्षात आलं की ही वाट फार आधी कुणीतरी पाडून ठेवलीय. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम शाळांमध्ये गेला त्यात आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाला असतो, शिकवायला गावातलेच कारागीर असतात आणि मुलं गावाला लागणारी कामं करून देतात. आधी वाचलं असतं तर आजींची गादी भिजली नसती एवढंच म्हणते.

मिस्त्रीकाकांचा पहिला तास मी कधीच विसरणार नाही. त्यांनी नळाला हातच लावू दिला नाही. तासभर फक्त एकच, पाणी कुठून येतं ते शोधा. शाळेच्या गच्चीवरच्या टाकीपासून मुतारीतल्या नळापर्यंत पोरं पाइपच्या मागे मागे फिरली, कुठे वॉल्व, कुठे जोड, कुठे पाइप भिंतीत शिरतो, कुठे बाहेर येतो. प्रत्येक वॉल्व बंद होतो की नाही ते बघितलं, दोन जाम निघाले. काका म्हणाले, बंद करता येतं का हे बघितल्याशिवाय उघडायला जायचं नाही. हे वाक्य आता वर्गात मागच्या भिंतीवर लिहिलंय, मुलांनीच लिहिलं.

मग त्यांनी भंगारवाल्याकडून वीसेक जुने नळ आणले. बाकावर ठेवून खोला, जोडा, परत खोला. पान्याच्या जबड्यात फडकं धरायचं म्हणजे नळावर ओरखडे येत नाहीत. वॉल्व बंद केल्यावर नळ उघडा ठेवून आतलं पाणी जाऊ द्यायचं, मगच डोकं खोलायचं. टेप आट्या ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना सुटून येते. जुने लोक धागा आणि सफेदा लावायचे तेही दाखवलं. नवे पाव फेऱ्यात उघडणारे नळ आले की त्यात वायसर नसतोच, आतली कार्ट्रिजच बदलावी लागते. आणि किती आवळायचं? तर म्हणाले हाताला कळतं. एका मुलाने विचारलं, कसं कळतं? काकांनी त्याचा हात धरला, पान्यावर ठेवला आणि स्वतःच्या हाताने आवळून दाखवलं, मग म्हणाले आता तू. वीस नळ झाले की पोरांच्या हाताला खरंच कळायला लागलं.

एक गंमत सांगते. काका म्हणाले, इथे खाली एक किलो प्रेशर आहे, वर जाता जाता कमी होतं. मुलं गोंधळली, दाब किलोत कसा. आठवीत बल आणि दाब शिकलेले, पास्कल पाठ. मग फळ्यावर बसवलं, काकांचा किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलोचं वजन, आणि पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ साधारण तेवढाच दाब देतो. म्हणजे वरची रांग खालच्यापेक्षा जितकी उंच तितका दाब कमी. वरच्या रांगेत धार का बारीक हे ज्या पोरांनी जन्मापासून बघितलंय त्यांना ते का, हे त्या दिवशी कळलं. मी चौदा वर्षं विज्ञान शिकवतेय आणि त्या धड्याला इतके प्रश्न मला कधी आले नव्हते.

काम कसं वाटायचं तेही काकांशी बसून ठरवलं. पाहणी, मोजणी आणि मोरीतल्या नळाचा वायसर एवढं मुलांचं. भिंतीतला पाइप, माळ्यावरची टाकी, सामाईक लाइन हे काकांचं आणि त्याचे पैसे घरवाल्याने त्यांना द्यायचे. शिडी, विजेची मोटर, गॅसजवळचं काहीही मुलांनी करायचं नाही. आमची पोरं चौदा-पंधराची, २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा अठराखालच्यांना धोक्याच्या कामापासून लांब ठेवतो, शाळेचा प्रकल्प असला तरी ती रेघ आपण स्वतःला आखून घ्यायलाच हवी. आणि मुलांचं कामही पूर्ण फुकट नाही, सामानाचे वीस-तीस रुपये घर देणार. ही अट आजींनी घातली. म्हणाल्या, फुकट केलंत तर मला तक्रार करता येणार नाही.

तर २३ पैकी १७ नळ मुलांनी केले, ६ काकांकडे गेले. शिवाय पाहणीत दिसलेली आणखी काही कामं त्यांना मिळाली, कुणाचा टाकीचा वॉल्व, कुणाचा सिंकखालचा पाइप. महिना-दीड महिन्यात त्यांचं नुकसान झालं नाही, उलट थोडं वाढलंच, असं त्यांनी मला सांगितलं.

ऑगस्टमध्ये एक पालक भेटायला आले. गवंडीकाम करतात. शांतपणे म्हणाले, बाई, मी हेच करतो, हात बघा माझे. पोराने हे करू नये म्हणून शाळेत घातलाय, आणि तुम्ही शाळेत त्याच्या हातात पाना देता. मी त्यांना धोरण सांगितलं नाही, सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांचं म्हणणं खोटं नाहीये. ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या अंगमेहनतच होती त्याला हाताचं काम म्हणजे शिक्षण हे ऐकताना काय वाटत असेल याचा विचार हे कार्यक्रम आखणारे फारसा करत नाहीत. इंग्रजी शाळेतल्या मुलाने लाकडाची खुर्ची केली की कौतुक आणि आमच्या पोराने नळ दुरुस्त केला की तो प्लंबरच होणार असं लोक समजतात. मी त्यांना एवढंच म्हटलं की दाबाचा धडा त्याला तुम्हीच विचारून बघा, आणि नको असेल तर त्याला मोजणी-हिशोबाच्या गटात ठेवते. त्यांनी हिशोबाच्या गटात ठेवा म्हटलं. मी ठेवलं. तो मुलगा तिथे चांगलं काम करत होता पण शनिवारी पान्यांच्या पेटीकडे बघायचा ते मला दिसायचं.

त्याच हिशोबाच्या गटाने सगळ्यात मोठी गळती शोधली. संडासाशेजारी दोन हजार लिटरची प्लास्टिकची टाकी आहे, थेट लाइनवरून भरते. तिच्या मागच्या गटाराच्या भिंतीवर एकच हिरवागार पट्टा, दाट शेवाळ, बाकी भिंत कोरडी. पावसाचं असेल म्हणून सगळे पुढे गेले पण दोघं म्हणाले पावसाचं असतं तर सगळीकडे असतं. त्यातली एक मुलगी चाळीतच राहते, ती आईबरोबर पहाटे गेली. सहा वाजून पाच मिनिटांनी टाकी भरली आणि ओव्हरफ्लोच्या पाइपमधून पाणी मागच्या गटारात जायला लागलं, साडेसहाला लाइन बंद होईपर्यंत. अंधार असतो, सगळे आपापल्या हंड्यांपाशी, कुणाच्या लक्षात येणार? तिने वीस लिटरची बादली लावली, पन्नास सेकंदात भरली. पंचवीस मिनिटं म्हणजे ३० बादल्या, रोज ६०० लिटर. गळणाऱ्या सगळ्या नळांच्या दीडपट, आणि यावेळी कशाने गुणायचं ते बरोबर माहीत होतं. टाकी भरली की पाणी बंद करणारा आतला फ्लोट तुटला होता. कमिटीने पाचशे रुपयांच्या आत नवा बसवून घेतला, काकांकडून, अर्ध्या तासाचं काम.

पंधरा दिवसांनी आम्ही सतराही घरी परत गेलो. खरं सांगते, ही परतीची भेट मूळ आराखड्यात नव्हती, काकांनी घालायला लावली, म्हणाले गिऱ्हाइकाकडे परत गेल्याशिवाय काम कळत नाही. सतरातले पाच नळ परत गळत होते. मुलं नाराज झाली. काकांनी एक खोलून आत बोट फिरवायला लावलं, ज्या कडेवर वायसर बसतो ती सीटच खरबरीत झालेली, तिथे नवा वायसर आठवडाभरात कापला जातो. तीन नळ असे, दोनात पोरांनी जास्त आवळून वायसर चेपलेला. श्रेणी देताना मी नळ गळतो की नाही याला गुण दिले नाहीत, का गळला हे वहीत कसं लिहिलंय त्याला दिले. ज्या गटाचे दोन नळ परत गळले त्यांची वही सगळ्यात चांगली होती.

आणि या परतीच्या भेटीतच ती दुसरी चूक निस्तरली. तेव्हा एका मुलीने आपणहून प्रत्येक घरात विचारलं, काकू, नळ सोडून अजून काय हवंय? पहिल्या चार घरांतल्या बायकांनी एकच सांगितलं, संडासाच्या दारांच्या कड्या. आठ दारं, त्यातली पाच आतून लागत नव्हती. बायका, मुली रात्री दोघीदोघीने जायच्या, एक बाहेर दार धरून उभी. आमच्या वर्गातल्या मुली तिथेच राहतात, त्यांना हे माहीत होतं, पण नळांच्या यादीत ते बसत नव्हतं म्हणून त्यांनीही सांगितलं नव्हतं. आम्ही तीन महिने त्या चाळीत जात होतो. सगळ्यात गरजेचं काम नळांचं नव्हतंच.

एका मुलाचे वडील सुतार आहेत, ते दोन शनिवार आले, पैसे घेऊन, तोच नियम. बिजागऱ्या काढणं, कुजलेल्या लाकडात स्क्रू धरत नाही म्हणून मागून पट्टी मारणं, कडी आणि कोयंडा एका रेषेत आणणं, हे नळापेक्षा कठीण निघालं. मुलींचा गट होता, मुलग्यांना त्यांनीच लांब ठेवलं आणि मला ते बरोबर वाटलं. चार दारं झाली. पाचव्या दारावर त्यांनी कडी जराशी खाली लावली, मी विचारलं अशी का, तर म्हणाल्या पहिलीतल्या मुलींचा हात पोचत नाही.

पण कडी लावतानाच त्या पाचव्या दाराची चौकट एका बाजूने हलायला लागली, आतून पूर्ण पोकळ झालीय. सुतारकाका म्हणाले चौकटच बदलावी लागेल. कडी तात्पुरती लावलीय, सध्या लागते पण भरवशाची नाही. कमिटीने निम्मे पैसे जमवलेत, निम्म्यासाठी पालक-शिक्षक संघात विषय मांडलाय. ते वर्ष संपलं, ती मुलं आता दहावीत, क्लास आणि सराव परीक्षा, शनिवारी मिळत नाहीत. नव्या नववीला मी पहिल्याच शनिवारी त्या दारापाशी घेऊन गेले. माप घेऊन झालंय, उंची सव्वासहा फूट, रुंदी अडीच, जाडी तीन इंच. नळांची वही त्यांच्याकडे दिलीय, आणि तो हिशोबाच्या गटातला मुलगा वडिलांना विचारून या शनिवारी दोन तास येतो म्हणालाय, चौकट भिंतीत बसवायची तर गवंडी लागणार आणि वडीलही येतील बहुतेक.